वेंडेल स्कॉट : शर्यत जिंकली, चषक नाकारला!

खेळाच्या मैदानावर जात नसते, वर्ण नसतो, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. परंतु मैदान कोणाच्या मालकीचे आणि निकाल लिहिणारी लेखणी कोणाच्या हाती, हा प्रश्न कोणी शिकवत नाही. अमेरिकेतील मोटार शर्यतीच्या जगात ज्यांच्या आयुष्याने हा प्रश्न विचारला, ते वेंडेल स्कॉट चळवळीच्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावेत.

२९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या बंडखोर सरकारने १८६५ च्या एप्रिलमध्ये आपली अखेरची राजधानी थाटली ती याच गावात. तेथील कृष्णवर्णीयांपुढे कापड गिरणी किंवा तंबाखूचा कारखाना, एवढेच मार्ग होते. स्कॉट यांनी दोन्ही नाकारले. वडील मोटारी चालवीत व दुरुस्त करीत; मुलाने तोच हात उचलला. शाळा अर्धवट सुटली. त्यांनी टॅक्सी चालवली, १९४३ मध्ये मेरी कोल्स यांच्याशी विवाह केला, दुसऱ्या महायुद्धात वर्णानुसार विभागलेल्या अमेरिकन सैन्यात युरोपात सेवा केली आणि परतल्यावर गॅरेज टाकले. संसार भागेना म्हणून चोरट्या दारूची वाहतूकही केली. हे लपवण्याचे कारण नाही. दक्षिणेतील कित्येक नामवंत गोरे चालकही याच धंद्यातून शर्यतीत आले होते.

१९५२ मध्ये डॅनव्हिलच्या आयोजकांना तिकिटे खपवण्यासाठी एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली. पोलिसांनी नाव दिले स्कॉट यांचे, कारण पाठलाग करून तेच दमले होते! २३ मे १९५२ रोजी स्कॉट पहिल्यांदा शर्यतीत उतरले. गंमत म्हणून आणलेला माणूस गंमत ठरला नाही. अवघ्या काही दिवसांत त्यांनी लिंचबर्गची शर्यत जिंकली.

‘नॅसकार’ या बलाढ्य संघटनेच्या शर्यतीत मात्र त्यांना आधी दारातूनच परत पाठवले गेले. पुढे रिचमंड येथील एका अधिकाऱ्याने वरिष्ठांना न विचारता त्यांना परवाना दिला. १९५९ मध्ये ते आपल्या गटात व्हर्जिनियाचे राज्य विजेते झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी स्पार्टनबर्ग येथे सर्वोच्च श्रेणीत उतरले.

ही स्पर्धा बरोबरीची होती काय? मोठ्या चालकांमागे मोटार कंपन्या, नवी इंजिने, पगारी मेकॅनिक. स्कॉट यांच्यामागे त्यांची मुले, जुने टायर आणि दुसऱ्यांनी वापरून टाकलेले सुटे भाग. कधी मोटार थांबवून स्वतःच खाली उतरून टायर बदलायचा आणि पुन्हा गाडीत बसायचे. गाडी मोडली तर पुढची शर्यत नाही, म्हणजे घरात पैसा नाही. म्हणून वेगापेक्षा शेवटपर्यंत टिकणे हेच त्यांचे शर्यतीचे शास्त्र बनले. कोणी मुद्दाम धडक दिली तरी उलट धडक द्यायची नाही, प्रेक्षकांतून शिव्या आल्या तरी उत्तर द्यायचे नाही. चळवळीतील माणसाला हे मौन खटकेल. पण तक्रारीचा निवाडा करणारेच जेथे विरोधात, तेथे दर आठवड्याला पुन्हा हजर राहणे हाही प्रतिकारच असतो.

१९६३ च्या १० जून रोजी डॅनव्हिलमध्ये नागरी हक्कांची मागणी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांवर पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे आणि लाठ्या चालवल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे २०० फेऱ्यांची शर्यत होती. अर्ध्या मैलाची मातीची धावपट्टी, स्कॉट यांची जुनी शेव्हरले. सुमारे २५ फेऱ्या उरल्या असताना त्यांनी रिचर्ड पेटी या बड्या चालकाला मागे टाकले. २०० फेऱ्या पूर्ण झाल्या, पण झेंडा पडला नाही. त्यांनी २०२ फेऱ्या मारल्या आणि विजेता घोषित झाला बक बेकर हा गोरा चालक. चषक त्याला, समारंभ त्याचा.

स्कॉट यांनी हरकत घेतली. सुमारे दोन तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, अधिकाऱ्यांनी मोजणीत चूक झाल्याचे मान्य केले. खरा चषक तेव्हाच कोठे गेला होता. नंतर त्यांच्या हातात एक साधा लाकडी चषक टेकवण्यात आला. विजेत्याने गौरवर्णीय सौंदर्यसम्राज्ञीचे चुंबन घ्यायची तेथे प्रथा होती आणि तो प्रसंग टाळण्यासाठीच हे घडवले गेले, अशी स्कॉट यांची आणि कुटुंबाची ठाम धारणा होती.

वकील म्हणून मला हे प्रकरण फार बोलके वाटते. अन्याय भर मैदानात झाला आणि दुरुस्ती रिकाम्या मैदानात! कागदावरचा हक्क मिळाला, पण प्रतिष्ठा मिळाली नाही. फेऱ्या मोजणारे सारे एकाच बाजूचे असले, की चूकही नेमकी एकाच दिशेने होते.

तरीही स्कॉट थांबले नाहीत. १९६६ मध्ये ते वर्षाच्या गुणतालिकेत सहावे आले. एकूण ४९५ शर्यती, १४७ वेळा पहिल्या दहांत, विजय मात्र तो एकच. १९७३ मध्ये टॅलाडेगा येथील भीषण अपघातात त्यांची हाडे मोडली. त्याच वर्षी आणखी एक शर्यत धावून त्यांनी निवृत्ती घेतली. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

२०१५ मध्ये ‘नॅसकार’ने त्यांना आपल्या गौरव दालनात स्थान दिले. जॅक्सनव्हिलच्या विजयाचा अधिकृत चषक कुटुंबाच्या हाती पडला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, जवळजवळ ५८ वर्षांनी. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला टॅलाडेगा येथेच बबा वॉलेस जिंकले. या श्रेणीत जिंकणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये अर्धे शतक गेले, ते गुणवत्ता नव्हती म्हणून नव्हे, तर गाडी, पैसा आणि संधी मूठभरांच्या हाती होती म्हणून.

स्कॉट यांनी हरकत नोंदवली नसती, तर त्या विजयाची नोंदही आज नसती. म्हणून निकाल विरोधात गेला तरी हरकत लेखी नोंदवा, कागद जपून ठेवा आणि मोजणीच्या टेबलावर आपली माणसे बसवा. नुसते धावून भागत नाही.