विश्लेषण : रायफल उत्तम, पण साफसफाईचाच विसर! युजीन स्टोनर यांच्या ‘एम-१६’ने व्हिएतनाममध्ये दगा का दिला?

एप्रिल-मे १९६७. व्हिएतनाममधील खे सान्हजवळच्या डोंगरांवर अमेरिकेचे मरीन सैनिक लढत होते. हातात नवीकोरी, हलकी, आधुनिक रायफल होती. ऐन चकमकीत अनेकांच्या रायफली अडकल्या. त्यातल्या एका सैनिकाने घरी पत्र लिहून कळवले की, त्याचे जे साथीदार मारले गेले, त्यांतील बहुतेकांच्या शेजारी त्यांची रायफल उघडलेल्या अवस्थेत सापडली. म्हणजे मरणाच्या क्षणी ते गोळ्या झाडत नव्हते, तर रायफल दुरुस्त करत होते. हे पत्र न्यू जर्सीतील एका वृत्तपत्रात छापून आले आणि थेट अमेरिकी संसदेत पोहोचले.

या रायफलीचे नाव ‘एम-१६’ आणि तिचे जनक युजीन स्टोनर. त्यांची रायफल नेमकी कुठे चुकली? की चूक दुसऱ्याच कुणाची होती? आणि शस्त्र नियमित साफ करणे हा इतका जीवनमरणाचा प्रश्न का आहे? जाणून घेऊया.

युजीन स्टोनर कोण होते?

स्टोनर यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९२२ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या गॉस्पोर्ट या छोट्या गावात झाला. शालेय शिक्षण कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झाले. इंजिनीअरिंगची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. शाळा संपल्यावर ते व्हेगा एअरक्राफ्ट या विमान कंपनीत कामाला लागले. तिथे विमानांवर शस्त्रे बसवण्याचे काम त्यांच्याकडे होते. दुसऱ्या महायुद्धात ते मरीन कोअरमध्ये भरती झाले. दक्षिण पॅसिफिक आणि उत्तर चीनमध्ये त्यांनी विमानांवरील शस्त्रसामग्रीच्या विभागात काम केले.

म्हणजे शस्त्र कारखान्यातून बाहेर पडल्यावर त्याचे पुढे काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. दमट हवा, खारे वारे, चिखल यांत धातूचे काय हाल होतात, हे पॅसिफिकच्या बेटांवर काम करणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

युद्धानंतर ते विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या मशीन शॉपमध्ये रुजू झाले आणि तिथेच डिझाइन इंजिनीअर झाले. रायफली बनवणे हा फावल्या वेळेतला छंद होता. १९५४ मध्ये या छंदाचीच नोकरी झाली. फेअरचाइल्ड या विमान कंपनीने हॉलिवूडमध्ये ‘आर्मालाइट’ नावाचा छोटा विभाग सुरू केला आणि स्टोनर तिथे मुख्य अभियंता झाले.

‘एआर’ म्हणजे नक्की काय?

‘एआर-१५’ हे नाव बातम्यांत वारंवार येते. अनेकांना त्यातील ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ वाटते. प्रत्यक्षात ती आर्मालाइट या कंपनीच्या नावातील अक्षरे आहेत.

स्टोनर विमान उद्योगातून आले होते. त्यामुळे पोलाद आणि लाकूड यांच्या जागी त्यांनी ॲल्युमिनियमचे मिश्रधातू आणि फायबरग्लास वापरले. वैमानिकांसाठी बनवलेली त्यांची ‘एआर-५’ ही रायफल तर पाण्यावर तरंगत असे. त्यानंतर आली ७.६२ मिमीची ‘एआर-१०’. लष्कराच्या चाचणीत या रायफलीची ॲल्युमिनियम आणि पोलाद जोडून केलेली नळी फुटली. अशा नळीला स्टोनर यांचा विरोध होता, पण कंपनीच्या प्रमुखांनी तो मानला नाही. त्यांच्या डिझाइनवर दुसऱ्यांनी निर्णय घेण्याची ही पहिली वेळ होती. शेवटची नव्हती.

पुढे लष्कराला लहान गोळीची हलकी रायफल हवी होती. स्टोनर यांचे सहकारी जिम सुलिव्हन आणि रॉबर्ट फ्रेमाँट यांनी ‘एआर-१०’चा आकार कमी करून ‘एआर-१५’ तयार केली. त्या वेळची लष्कराची ‘एम-१४’ रिकामी असतानाही चार किलोंहून जड होती. नवी रायफल होती सुमारे तीन किलोंची. १९५९ मध्ये आर्मालाइटने तिचे हक्क कोल्ट कंपनीला विकले. १९६० मध्ये हवाई दलाचे जनरल कर्टिस लमे यांनी एका पार्टीत तिने कलिंगडे फोडून पाहिली आणि ते तिच्या प्रेमात पडले. १९६३ मध्ये एकूण १ लाख ४ हजार रायफलींची ऑर्डर निघाली. ‘एआर-१५’ची ‘एम-१६’ झाली.

ही रायफल चालते कशी?

गोळी सुटते तेव्हा दारू जळून प्रचंड दाबाचा गरम वायू तयार होतो. स्वयंचलित रायफली यातलाच थोडा वायू वापरून रिकामी पुंगळी बाहेर फेकतात आणि पुढचे काडतूस आत घेतात. बहुतेक रायफलींमध्ये हा वायू नळीजवळच्या एका दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या पुढचे काम करतो.

स्टोनर यांनी स्वतंत्र दट्ट्या काढून टाकला. एका बारीक नळीतून वायू थेट मागे, बोल्टच्या भागात नेला. यामुळे वजन घटले, हलणारे भाग कमी झाले आणि नेम अधिक अचूक झाला. या रचनेसाठी त्यांनी १९५६ मध्ये अर्ज केला होता, त्याचे पेटंट १९६० मध्ये मिळाले.

पण यात एक मेख आहे. वायूसोबत काजळीही मागे येते. म्हणजे दर गोळीबरोबर रायफलीच्या पोटात थोडी घाण साचते. घरच्या कुकरचेच उदाहरण घ्या. शिट्टीखालचे भोक रोज धुतले तर कुकर वर्षानुवर्षे चालतो. डाळीचा फेस तिथे वाळू दिला, तर एक दिवस तो धोका देतो. त्यात कुकरच्या डिझाइनचा दोष नसतो. मात्र धुवायचे असते हे वापरणाऱ्याला माहीत असावे लागते.

मग व्हिएतनाममध्ये नेमके काय बिघडले?

एक नाही, चार गोष्टी एकाच वेळी बिघडल्या.

पहिली, दारू बदलली. स्टोनर यांनी रायफल ड्यूपाँट कंपनीच्या एका विशिष्ट दारूवर बेतली होती. लष्कराने ठरवलेला गोळीचा वेग आणि दाबाची मर्यादा या दोन्ही अटी ती दारू सातत्याने पाळू शकत नव्हती. म्हणून १९६४ मध्ये लष्कराने वेगळ्या प्रकारच्या, गोलसर कणांच्या दारूला परवानगी दिली. या दारूने गोळीबाराचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला. शिवाय तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट होते. त्याचा थर वायूच्या बारीक नळीत साचू लागला.

दुसरी, चेंबरला क्रोमचा मुलामा दिला नाही. काडतूस जिथे बसते तो भाग म्हणजे चेंबर. आधीच्या ‘एम-१४’च्या नळीला आतून क्रोम होता, ‘एम-१६’ला मात्र नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत साध्या पोलादाला गंज चढला आणि आत बारीक खड्डे पडले.

तिसरी, सफाईचे साहित्यच दिले नाही. या रायफलीला फारशी देखभाल लागत नाही, असा समज सैन्यात पसरला होता. सळया, ब्रश, योग्य वंगण यांचा प्रचंड तुटवडा होता.

चौथी, प्रशिक्षण दिले नाही. अनेक सैनिक जुन्या रायफलीवर शिकले आणि नवी रायफल थेट आघाडीवर हातात पडली.

पुंगळी अडकते म्हणजे काय होते?

गोळी झाडताच पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. क्षणार्धात ती आकसते आणि मग सहज बाहेर येते. भिंत गुळगुळीत असेल तरच हे घडते. गंजाचे खड्डे आणि काजळी असेल, तर पितळ त्यात रुतून बसते. त्यातच गोळीबाराचा वेग वाढल्यामुळे पुंगळी पुरती आकसण्याआधीच तिला ओढले जाऊ लागले. मग तिला ओढणारी आकडी एकतर निसटते किंवा पुंगळीची कड फाडून मोकळी होते. पुंगळी आतच राहते.

अशा वेळी उपाय एकच. रायफलीच्या तोंडातून लांब सळई घालायची आणि पुंगळी मागे ठोकून काढायची. शत्रू काही मीटरवर असताना हे करणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. आणि सळई सगळ्यांकडे नव्हतीच. ज्यांच्याकडे होती, ते ती रायफलीला बाहेरून बांधून फिरत.

स्टोनर त्या वेळी काय करत होते?

स्टोनर यांनी १९६१ मध्ये आर्मालाइट सोडली. काही काळ ते कोल्टचे सल्लागार होते. नंतर कॅडिलॅक गेज या कंपनीसाठी त्यांनी ‘स्टोनर ६३’ ही नवी शस्त्रप्रणाली तयार केली. म्हणजे ‘एम-१६’वर त्यांचे नियंत्रण उरले नव्हते.

दारू बदलण्याबाबत त्यांचे मत विचारले गेले, पण तोवर निर्णय झाला होता. त्यांनी नापसंती दाखवली, पण काहीच बदलले नाही. बोल्ट हाताने पुढे ढकलण्यासाठी लष्कराने रायफलीला एक बटण जोडले, त्यालाही त्यांचा विरोध होता. घाण झालेले काडतूस जोर लावून आत कोंबले तर अडचण वाढते, असे त्यांचे म्हणणे होते.

मे १९६७ मध्ये खासदार रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली संसदीय उपसमिती नेमली गेली. स्टोनर यांनी तिच्यासमोर साक्ष दिली. ऑक्टोबरमध्ये अहवाल आला. बिघाडाचे मोठे कारण दारूतील बदल असल्याचे समितीने म्हटले. रायफलीतील त्रुटी माहीत असूनही त्या वेळेत दूर न करणे ही जवळजवळ गुन्हेगारी स्वरूपाची बेपर्वाई असल्याचा ठपकाही तिने अधिकाऱ्यांवर ठेवला.

अर्थात, स्टोनर यांची रचना पूर्ण निर्दोष होती असेही म्हणता येणार नाही. वायू थेट आत सोडण्याची किंमत म्हणजे जास्त काजळी, आणि जास्त काजळी म्हणजे जास्त सफाई. हे शस्त्र देखभाल मागणारेच होते. ती मागणी सैनिकापर्यंत पोहोचली नाही, ही खरी शोकांतिका.

चूक कशी सुधारली?

चेंबरला क्रोमचा मुलामा आला. गोळीबाराचा वेग आटोक्यात आणण्यासाठी रायफलीतील एक भाग जड केला गेला. दारूतील कॅल्शियम कार्बोनेट कमी केले गेले. सफाईचे साहित्य प्रत्येकाला मिळू लागले आणि पुढे ते ठेवायला रायफलीच्या दस्त्यातच कप्पा आला.

सर्वांत गाजलेला उपाय मात्र कागदावरचा होता. १९६८ मध्ये लष्कराने प्रसिद्ध कॉमिक्स चित्रकार विल आइसनर यांच्याकडून ३२ पानांची रंगीत पुस्तिका करून घेतली. रायफल कशी उघडायची, कुठे ब्रश फिरवायचा, कुठे तेल लावायचे आणि कुठे नाही, हे त्यात चित्रांतून समजावले होते. जाडजूड नियमावली न वाचणाऱ्या विशीतल्या पोरांनी ती वाचली. तक्रारी झपाट्याने घटल्या. रायफल मूळची तीच होती, पण आता ती साफ होत होती.

देखभालीची मूलभूत तत्त्वे कोणती?

शस्त्र कोणतेही असो, काही गोष्टी समान आहेत. काजळीचा थर ओलावा धरून ठेवतो आणि त्याखाली गंज वाढतो, त्यामुळे वापरानंतर लवकरात लवकर सफाई करावी लागते. वापर झाला नाही तरी दमट हवेत ठरावीक दिवसांनी तपासणी लागतेच. तेल कमी पडले तर भाग घासतात, जास्त झाले तर धूळ चिकटून त्याची लगदी होते. मॅगझिन आणि काडतुसेही स्वच्छ हवीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सफाईआधी शस्त्र रिकामे असल्याची खात्री. पिस्तूल साफ करताना गोळी सुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते, हे विसरल्याने असे अपघात होतात. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि त्यानंतरच सफाईला हात घालायचा.

भारताशी काय संबंध?

भारतीय लष्कराने २०१९ मध्ये ७२ हजार ४०० ‘सिग ७१६’ रायफलींचा करार केला. या ७.६२ मिमी रायफलीचा ढाचा स्टोनर यांच्या ‘एआर-१०’च्या घराण्यातला आहे.  इथेही सफाईतून सुटका नाही.

एनसीसीत राहिलेल्यांना हे नवे नाही. फायरिंगचा आनंद काही मिनिटांचा आणि त्यानंतर पुल-थ्रूला चिंदी बांधून नळी ओढत बसणे बराच वेळ! चिंदी स्वच्छ निघेपर्यंत सुटी नाही. खंडेनवमीला हत्यारे पुसून पुजण्याची आपली परंपरा आहेच, पण वर्षातून एकदा पुसून भागत नाही.

स्टोनर यांचा शेवटचा काळ

१९७२ मध्ये स्टोनर यांनी ‘एरीज’ कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. १९९० मध्ये त्यांची भेट ‘एके-४७’चे जनक मिखाइल कलाश्निकोव्ह यांच्याशी झाली. शीतयुद्धात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन रायफलींच्या जनकांनी एकमेकांची शस्त्रे चालवून पाहिली. अखेरच्या वर्षांत ते फ्लोरिडातील नाइट्स आर्मामेंट कंपनीसोबत काम करत होते. तिथे त्यांनी आपल्या जुन्या ‘एआर-१०’वर आधारित ‘एसआर-२५’ घडवली. सुमारे १०० पेटंट नावावर असलेल्या स्टोनर यांचे २४ एप्रिल १९९७ रोजी फ्लोरिडात निधन झाले.

त्यांच्या रायफलीचे वारस आजही जगभरच्या सैन्यांत आहेत. ज्या रायफलीला १९६७ मध्ये सैनिक शिव्या देत होते, तिचाच वंश सहा दशके टिकला. मधल्या काळात डिझाइन सुधारले, हे खरे. पण तेवढेच महत्त्वाचे म्हणजे ब्रश, तेल आणि चिंदी सैनिकाच्या हातात पोहोचली. खे सान्हच्या डोंगरांवर ती वेळेत पोहोचली असती, तर काही जण कदाचित घरी परतले असते.