फडापासून राज्यधुरेपर्यंत : नाना फडणवीस

आपला हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून निराळा झाला. परंतु १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्याच निजामघराण्याकडील चौथाईच्या थकबाकीवरून १७९५ साली खर्ड्याचे युद्ध झाले. त्याचे सूत्रधार हिशेबाच्या कचेरीत वाढलेले नाना फडणवीस होत. त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे संक्षेपाने ठेवीत आहोत.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. घराणे मूळचे श्रीवर्धनचे. १७५६ साली वडील निवर्तले आणि पेशवे दरबारची फडणिशी या कोवळ्या मुलाकडे आली. राज्याचा जमाखर्च तपासणे व दप्तर राखणे हे फडणिसाचे काम. १७६१ च्या पानिपतात मातोश्री अंतरल्या. नाना कसेबसे परतले. पुढे थोरल्या माधवरावांच्या करड्या शिस्तीत त्यांची लेखणी मुरली.

१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तेव्हा सखारामबापू बोकील, नाना प्रभृतींनी बारभाईंचे कारस्थान उभारले आणि १७७४ साली जन्मलेल्या सवाई माधवरावांना तान्हेपणीच पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. राघोबादादांचा पक्ष घेणाऱ्या इंग्रजांशी झालेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले. राज्याची धुरा आता नानांच्या हाती होती. खर्ड्यावर शिंदे, होळकर, भोसले एका निशाणाखाली आले व निजामास तह करणे भाग पडले.

येथे दोष झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. नानांनी बालपेशव्याचे रक्षण केले, पण त्यांस आपल्या धाकाबाहेर येऊ दिले नाही. खर्ड्याच्या वर्षीच सवाई माधवरावांचा अंत झाला आणि सारी घडी विसकटली. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद केले. सुटकेनंतर १३ मार्च १८०० रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. तीनच वर्षांत, १८०२ अखेर, वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांचे मांडलिकत्व पत्करले.

नानांच्या काळी चोख असलेले हुजूर दप्तरही पुढे विस्कळीत झाले. कुटुंब असो वा संस्था, वही चोख ठेवावीच. परंतु ती पुढे चालविणारे हातही वेळीच तयार करावेत, एवढाच बोध आम्ही या चरित्रातून घेतो.