मालोजीराव घोरपडे (मुधोळ)

राजे मालोजीराव व्यंकटराव घोरपडे (इ.स. १८८४ – इ.स. १९३७) हे दक्षिण महाराष्ट्रातील मुधोळ संस्थानाचे अधिपती होते. मुधोळ हाउंड या देशी शिकारी कुत्र्याच्या जातीचे पुनरुज्जीवन करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. नानासाहेब या नावानेही ते ओळखले जात.

घराणे व संस्थान

घटप्रभा नदीच्या काठी वसलेले मुधोळ आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. प्रजा मुख्यतः कानडी भाषिक, राजघराणे मात्र मराठी. इ.स. १६४८ मध्ये शहाजीराजांना जिंजीजवळ कैद करणारे बाजी घोरपडे याच घराण्यातील. संस्थान लहान होते. क्षेत्रफळ ३६८ चौरस मैल आणि इ.स. १९०१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६३,००१. मालोजीराव इ.स. १९०० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास गादीवर आले.

वंशावळीविषयी त्यांच्या दरबारात विशेष आस्था होती. दत्तो वामन आपटे यांनी लिहिलेला घोरपडे घराण्याचा इतिहास त्यांच्याच कारकिर्दीत, इ.स. १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. घराण्याचे मूळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेणाऱ्या त्यातील फार्सी फर्मानांविषयी इतिहासकारांत वाद झाले. माणसांच्या वंशावळीचा प्रश्न असा वादात सापडला. कुत्र्यांच्या बाबतीत मालोजीरावांचे काम अधिक टिकले.

कुत्र्यांची पैदास

इराण, अफगाणिस्तान व अरबस्तानातून येणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर सळसळीत बांध्याचे शिकारी कुत्रे दख्खनेत आले, असे मानले जाते. म्हणूनच महाराष्ट्रात त्यांना कारवानी म्हणतात. अरुंद लांबट डोके, खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय आणि सुमारे ७० सेंटिमीटर उंची ही त्यांची लक्षणे. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या दाट अरण्यात, जिथे चार झाडांपलीकडचे दिसत नाही, तिथे त्याच्या वेगाचा उपयोग थोडाच. ससा आणि काळवीट दूरवरून दिसतील असे उघडे माळरान हेच त्याचे खरे क्षेत्र.

मुधोळ परिसरातील शिकारी जमाती असे कुत्रे बाळगून होत्या. मालोजीरावांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्यांतील उत्तम जनावरे निवडून त्यांनी पैदास सुरू केली. त्यांनी नवी जात निर्माण केली, असे कधी कधी लिहिले जाते; ते बरोबर नाही. जात आधीच होती. निकृष्ट कुत्रा पोसणे न परवडणाऱ्या गरीब शिकाऱ्यांनी, धावण्यात आणि दमात उतरलेलीच जनावरे राखून, ती पिढ्यान्पिढ्या घडवली होती. राजांनी त्या निवडीला राजाश्रय दिला आणि हेतुपुरस्सर जोड्या जुळवून जातीचे गुण स्थिर केले. या श्रेयात शिकाऱ्यांचा वाटा क्वचितच नोंदवला जातो.

निवड पैदाशीत जे राखायचे त्याहून जे वगळायचे ते ठरवणे कठीण असते. गावठी कुत्र्यांशी संकर होत राहिला, तर चार-पाच पिढ्यांत वेग आणि बांधा हरवतो. उलट मोजक्याच जनावरांत पैदास कोंडली, तर जवळच्या नात्यातील संबंधांमुळे दोष एकवटतात. त्यामुळे गावोगावच्या शिकाऱ्यांकडील कुत्री हा जातीचा आधार शेवटपर्यंत महत्त्वाचा राहिला.

इंग्लंडच्या दौऱ्यात मालोजीरावांनी राजे पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची एक जोडी भेट दिली, असे सांगितले जाते. या भेटीमुळे जातीचा बोलबाला झाला आणि मुधोळ हे नाव तिला कायमचे चिकटले.

मृत्यू व नंतरचा काळ

मालोजीरावांचे इ.स. १९३७ मध्ये निधन झाले. त्यांच्यामागून अल्पवयीन भैरवसिंहराव गादीवर आले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि इ.स. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा प्रदेश म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. राजाश्रय संपला. पुढे इ.स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली आणि ज्या कामासाठी हा कुत्रा निवडला गेला होता, ते कामच उरले नाही. परीक्षा धावण्याची न राहता दिसण्याची झाली. नावाबाबतही एकमत नाही. एक श्वानसंस्था या जातीला कारवान हाउंड म्हणते, तर दुसरी मुधोळ हाउंड.

मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. तेथे शुद्ध जातीची पिल्ले तयार करून परिसरातील पशुपालकांना दिली जातात. भारतीय टपाल खात्याने इ.स. २००५ मध्ये देशी श्वानजातींवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ हाउंडचा समावेश होता. इ.स. २०१६ मध्ये या जातीची काही पिल्ले भारतीय सेनेच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आली.