विहिरीतला 'ओ' परत येतो, आणि ते मराठीत शिकवणारे केरूनाना

विहिरीत वाकून कधी 'ओ' दिलाय? मेहकर तालुक्यातल्या जानेफळच्या पोरांना या प्रयोगासाठी लॅब लागत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. उन्हाळ्यात पाणी १७ मीटरच्या खाली गेलं, तर आपला 'ओ' पाण्यावर आपटून वेगळा परत ऐकू येतो. पाणी वर असेल तर तो नुसता घुमतो. हौदात खडा टाका, लाट भिंतीला लागून माघारी फिरते. आरशावर ऊन पाडा, ते ज्या कोनात येतं त्याच कोनात परत जातं. तिन्हींना एकच शब्द आहे, परावर्तन.

हे आज पाठ्यपुस्तकात सहज मिळतं. पण १८५० च्या आसपास शाळकरी मुलांसाठी मराठीत विज्ञानाची पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ती वाढवणाऱ्यांत एक होते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना.

जन्म १८२५, अलिबागजवळच्या नागावचा. आईवडील लहानपणीच गेले. मुंबईत चुलत्यांनी सांभाळलं. एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक ऑर्लेबार यांनी या मुलाची गणिताची चमक हेरली आणि वयाच्या १५ व्या वर्षी केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले. आपल्याकडे दहावीचा क्लास लागतो त्या वयात!

पुढे ते पुण्याला गेले, डेक्कन कॉलेजात गणित शिकवलं. लोकमान्य टिळक त्यांचेच विद्यार्थी. स्वतः इंग्रजीतून शिकलेल्या या माणसाने अंकगणित आणि पदार्थविज्ञानावर मुलांसाठी पुस्तकं लिहिली ती मात्र मराठीत. मला त्यांचं हे काम सगळ्यात मोठं वाटतं, कारण कॉलेजात पोचणारे तेव्हा मूठभर होते.

खरी कसोटी पंचांगात लागली. जुन्या पंचांगातले ग्रह आणि आकाशात दिसणारे ग्रह जुळत नव्हते. केरूनानांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत छापली आणि आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर नवं पंचांग काढलं. सण, मुहूर्त, एकादशी सगळंच त्यावर चालायचं, त्यामुळे अनेकांना ते पटलं नाही. केरूनाना १८८४ मध्ये गेले. पंचांगाचा हा धागा नंतर त्यांच्या विद्यार्थ्याने उचलला. आज ते टिळक पंचांग म्हणून ओळखलं जातं.