ड्रायव्हरच्या आरामासाठी भांडणारा हा नेता आधी सोडावॉटरची घोडागाडी हाकायचा

ट्रक किंवा बसच्या ड्रायव्हरने सलग किती तास गाडी चालवायची? ब्रिटनमध्ये याचा कायदा १९३० साली आला. ड्रायव्हर लोकांची बाजू तिथं लावून धरणारं सगळ्यात मोठं नाव होतं अर्नेस्ट बेव्हिन. आणि हा माणूस मुळात स्वतः गाडीवान होता.

जन्म १८८१ चा, इंग्लंडमधल्या सॉमरसेट भागातल्या विन्सफर्ड गावातला. वडिलांचा पत्ता नाही. आठव्या वर्षी आई गेली. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं शेतावर राबायला लागलं. पुढे ब्रिस्टल शहरात मिळेल ते काम करत करत बेव्हिन सोडावॉटर पोचवणाऱ्या घोडागाडीवर लागले.

आता गाडीवानाचा दिवस कसा, तर गाडी निघायच्या आधी घोड्याचं दाणापाणी, मग माल चढवणं-उतरवणं आणि परत आल्यावर पुन्हा तबेला. १९१० मध्ये बेव्हिन यांनी या गाडीवानांना एकत्र केलं आणि गोदी कामगारांच्या युनियनमध्ये त्यांची शाखा काढली. १९२२ मध्ये डझनभर युनियन एकत्र करून त्यांनी ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन उभी केली.

पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या स्वस्तात विकल्या गेल्या. ज्याच्याकडे लॉरी, तो धंद्यात. भाडं पाडायची चढाओढ लागली आणि तिचा भार पडला ड्रायव्हरवर.

१९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने तीन गोष्टी ठरवल्या :

– सलग साडेपाच तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग नाही.
– २४ तासांत एकूण ११ तासांपेक्षा जास्त नाही.
– २४ तासांत सलग १० तास आराम हवाच.

पण हे तास मोजणार कोण? म्हणून १९३३ च्या कायद्याने मालवाहू गाड्यांसाठी कामाच्या तासांची नोंद ठेवणं सक्तीचं केलं.

इथवर बेव्हिन हिरो वाटतात. पण १९३७ मध्ये गोष्ट फिरली. लंडनच्या बस कामगारांना आठऐवजी साडेसात तासांचा दिवस हवा होता. बसचा वेग वाढला, वेळापत्रक घट्ट झालं, पोटाचे आजार जडले, अशी त्यांची तक्रार. चौकशीतही तब्येतीचा हा मुद्दा तपासण्यासारखा ठरला. राजाच्या राज्याभिषेकाच्या महिन्यात, १ मेपासून लंडनच्या बस बंद पडल्या. मात्र संप लांबला तेव्हा बेव्हिन यांनी ट्राम कामगारांना त्यात उतरवलं नाही. चार आठवड्यांनी युनियननेच संप मागे घ्यायला लावला आणि संपाच्या काही पुढाऱ्यांना काढून टाकलं. साडेसात तास काही मिळाले नाहीत.

बेव्हिन मात्र वर चढत गेले. १९४० मध्ये चर्चिल यांच्या सरकारात कामगारमंत्री, १९४५ मध्ये परराष्ट्रमंत्री. १९५१ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर १० वर्षांनी, १९६१ मध्ये, भारतात मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. त्यात साधारणपणे दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरली. पण हा कायदा ५ किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांपुरता होता. म्हणजे मालकाच्या एकुलत्या एका ट्रकवर रात्र काढणारा ड्रायव्हर त्यात बसत नव्हता.