आजाऱ्याच्या उशाशी : सावित्रीबाई फुले

आमच्या नागापूरसारख्या गावी कोणी अंथरुणास खिळला की मंडळी समाचारास जातात खरी. परंतु ताप सांसर्गिक आहे असे कानी येताच पावले उंबरठ्याबाहेर थबकतात, आणि चौकशी व प्रार्थना दोन्ही ओटीवरूनच उरकली जातात. आम्हीही यास अपवाद नाही. म्हणून मत्तयाच्या 25 व्या अध्यायावर पुन्हा उपदेश करण्यापूर्वी, बाप्तिस्मा न घेतलेल्या एका बाईचे चरित्र आमच्या वाचकांनी ऐकावे, असे आम्हांस वाटते.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. 1840 साली जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांस लिहावयास वाचावयास शिकविले. पुढे येथून जवळच असलेल्या नगर शहरी, अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्याकडे त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार सांगतात. 1848 पासून पुण्यात मुलींच्या शाळा त्यांनी चालविल्या, हे शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. कमी सांगितले जाते ते असे की, 1863 साली संकटात सापडलेल्या गरोदर विधवांसाठी जोतीरावांनी आपल्या घरी आश्रयगृह उघडले, तेव्हा त्या बायकांची व अर्भकांची शुश्रूषा सावित्रीबाईंनीच केली. तेथे एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

1897 च्या आरंभी पुण्यात प्लेग पसरला. काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत मनुष्य जाई. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे तोवर उमगले नव्हते. त्यामुळे रोग्याचा हात, कपडा, श्वास, सर्वांचेच भय होते. अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंतास बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना सुरू करविला. जोतीराव 1890 मध्येच वारले होते; बाईंचे वय 66 वर्षांचे होते. रोग्यांस त्या स्वतः दवाखान्यात आणीत.

मुंढव्यास गावकुसाबाहेरच्या वस्तीत पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगाने पडला. त्या वस्तीतील माणसाचा स्पर्श सवर्ण लोक एरवीही टाळीत, मग प्लेगात कोण जवळ जाणार? प्रचारक बंधूंनी येथे क्षणभर थांबावे. बाईंनी निरोप धाडला नाही, गडी पाठविला नाही. मुलास आपल्या पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत वाहून नेले.

मुलगा वाचला. बाईंस मात्र त्याच रोगाने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांनी देह ठेवला. डॉक्टर यशवंतही पुढे 1905 साली प्लेगानेच गेले.