चॉकलेट फॅक्टरीवाल्याचा व्हॉल्व्ह

'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' तुम्ही वाचलं असेल, निदान सिनेमा तरी पाहिला असेल. ते लिहिणाऱ्या रोआल्ड डालचं (१९१६–१९९०) नाव एका व्हॉल्व्हलाही आहे, हे माहितेय?

५ डिसेंबर १९६०. न्यूयॉर्कमध्ये डालच्या चार महिन्यांच्या मुलाच्या, थिओच्या बाबागाडीला टॅक्सीनं धडक दिली. बाळ वाचलं, पण डोक्यात पाणी साठू लागलं. हाच हायड्रोसेफलस. मेंदूत तयार होणाऱ्या पाण्याची वाट अडली की दाब वाढत जातो. त्यावर शंट बसवतात. शंट म्हणजे ते पाणी शरीरात दुसरीकडे सोडणारी बारीक नळी आणि पाणी उलटं फिरू नये म्हणून तिला व्हॉल्व्ह. थिओचा व्हॉल्व्ह सारखा तुंबायचा. दर वेळी जिवाला घोर आणि पुन्हा ऑपरेशन.

डाल डॉक्टर नव्हता, इंजिनीअरही नव्हता. महायुद्धात लढाऊ विमान चालवलेला लेखक. पण छोट्या मॉडेल विमानांच्या इंजिनांसाठी पंप बनवणारा स्टॅन्ली वेड त्याच्या ओळखीचा होता. डालनं त्याची गाठ थिओवर उपचार करणारे लंडनचे न्यूरोसर्जन केनेथ टिल यांच्याशी घालून दिली. १९६२ मध्ये तिघांचा नवा, सहजी न तुंबणारा व्हॉल्व्ह वापरात आला. तोवर थिओ सावरला होता, त्याला तो लागलाच नाही. लागला तो लोकांच्या सुमारे ३,००० मुलांना. आणि त्यावर नफा घ्यायचा नाही, असं तिघांनी ठरवलं होतं.

नफ्याची गोष्ट एवढी मोठी का? कारण हा आजार तितका दुर्मीळ नाही. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. लहान मुलांना बसवलेल्या शंटपैकी जवळपास निम्मे दोन वर्षांत बिघडतात. म्हणजे खर्च एकदा करून सुटका नाही. महाड-पोलादपूरच्या आईबापांनी तर दर वेळी मजुरी बुडवून मुंबई किंवा पुणे गाठायचं.

इथे एक दिलासा आहे. आपल्याकडे बनणारा छाब्रा शंट स्वस्त आहे. युगांडात १९५ मुलांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३५ डॉलरचा छाब्रा आणि ६५० डॉलरचा परदेशी शंट यांच्या वर्षभराच्या निकालांत फरक दिसला नाही.

तेव्हा वाडीत एखाद्या तान्ह्याचं डोकं भराभर वाढताना दिसलं, तर 'बघू पुढे' म्हणू देऊ नका, लगेच डॉक्टरांकडे पाठवा. आणि पैशांच्या धास्तीनं घरचे मागे हटत असतील, तर स्वस्त शंटबद्दल डॉक्टरांना विचारायला तुम्हीच सोबत जा.